पदपथ रुंद झाला, सभागृहाचं काय?

औंधला परिहार चौकातून डीपी रस्त्याकडे गेलं की पदपथ ऐसपैस होतो. ज्येष्ठ मंडळी निर्धास्त चालतात, दमली की बाकावर टेकतात. स्मार्ट सिटी योजनेतलं हे काम मला, इथल्या रहिवासी बाईला, मनापासून आवडतं. पायी चालणाऱ्याला जागा दिली की धूरही कमी होतो आणि अपघातही. पण येरवड्यातल्या किंवा कात्रजमधल्या आजीलाही असाच पदपथ हवा आहे. तो आधी कुणाला मिळावा, हे ठरवणं म्हणजे राजकारणच.

केंद्राने 25 जून 2015 रोजी स्मार्ट सिटी योजना आणली. 100 शहरं निवडायची, प्रत्येकाला पाच वर्षांत केंद्राचे 500 कोटी आणि तेवढीच भर राज्य व महापालिकेची. शहरातला निवडक भाग आधी घडवायचा, मग इतरांनी त्याचा कित्ता गिरवायचा. पुण्यात तो मान औंध-बाणेर-बालेवाडीला मिळाला. कामं मात्र महापालिकेने करायची नाहीत, त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, अशी अट होती. सभागृहातल्या वादांत कामं रखडतात, तेव्हा कारभार कंपनीसारखा चालावा, असा त्यामागचा विचार.

याविरुद्धचा विचार 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीत आहे: शहराचे निर्णय लोकांनी निवडलेल्या सभागृहाने घ्यावेत. डिसेंबर 2015 मध्ये हे दोन्ही विचार महाराष्ट्रात समोरासमोर आले. नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेने कंपनीचा प्रस्ताव फेटाळला, पुण्याच्या सभेने अटी घालून तो स्वीकारला. दोन्हीकडे सत्तेत राष्ट्रवादीच होती. म्हणजे नुसत्या पक्षाच्या नावावरून शहराची दिशा कळत नाही.

निवडून आलेल्यांच्या हाती दिशा राहिली की काय होतं, यासाठी बार्सिलोनाचं उदाहरण बोलकं आहे. 2011 नंतर तिथल्या उजवीकडे झुकलेल्या महापौरांनी जागतिक कंपन्यांना बोलावलं, सेन्सर बसवले. 2015 मध्ये घरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या आदा कोलाऊ महापौर झाल्या. तंत्रज्ञान त्यांनीही वापरलं, पण सुरुवात वेगळ्या प्रश्नांपासून केली. नागरिकांना प्रस्ताव मांडता यावेत म्हणून ‘डेसिडिम’ हे खुलं व्यासपीठ उभारलं. पोब्लेनोऊ भागात इमारतींचे काही चौकोनी गट जोडून त्यांच्यातून आरपार जाणारी वाहतूक रोखली आणि रस्ता मुलांच्या खेळाला दिला. पुढे महापालिकेची स्वतःची वीज कंपनीही काढली. व्यापाऱ्यांचा विरोध झाला, काही वाद कोर्टात गेले, 2023 मध्ये सत्ताही गेली. तरी प्रत्येक टप्प्यावर जाब विचारायला निवडून आलेली माणसं समोर होती.

पुण्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. स्मार्ट सिटी योजना 31 मार्च 2025 रोजी संपली. या काळात झालेल्या कामांबद्दल वॉर्डातल्या माणसाने कुणाला विचारायचं होतं? पदपथ उखडला, दिवे बंद पडले, तर दुरुस्तीला पैसा कुठून येणार, हे ज्या सभेत ठरतं तीच ओस असेल, तर केलेलं काम टिकणार कसं? कंपनी काम उरकू शकते. ते वर्षानुवर्षं टिकवायला मत मागायला दारात येणारा माणूसच लागतो, असं माझं ठाम मत आहे.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. तो भरा, आणि पुढचा उमेदवार दारात आला की त्याच्या पक्षाआधी विचारा: पदपथ, बस आणि पाणी यांवर तुम्ही आधी कुणासाठी खर्च करणार?