अठरा जागा, एक अंगठा

“डॉक्टर, सगळं अंग ठणकतं हो.” पेशंटचं हे वाक्य जुनंच आहे. ते ऐकल्यावर डॉक्टरांनी काय करायचं, हे मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं.

१९०४ साली लंडनच्या विल्यम गावर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान दिलं. स्नायूंमधल्या तंतुमय भागाला सूज येत असावी, असा त्यांचा तर्क. म्हणून त्यांनी नाव दिलं ‘फायब्रोसायटिस’. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी अशा भागात दाह दिसल्याचं सांगितलं. पुढे इतरांनी पाहिलं तर दाह काही सापडेना. तरी नाव सत्तरेक वर्षं टिकलं. १९७६ मध्ये हेंच यांनी ‘फायब्रोमायल्जिया’ हा शब्द आणला. त्यात सूज गेली आणि दुखणं तेवढं उरलं.

दरम्यान टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांचे सहकारी झोपेच्या मागे लागले होते. धडधाकट माणसांना गाढ झोप लागू लागली की आवाज करून ती चाळवायची. काही रात्रींतच त्यांची अंगं आंबली, दाबलेलं दुखू लागलं. हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. पेशंटची झोपेची तक्रार आता उडवून लावता येईना.

तरी १९९० चे अमेरिकन निकष अंगठ्यावरच उभे राहिले. फ्रेडरिक वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ५५८ जणांना तपासून मोजमाप ठरवलं: तीन महिने अंगभर दुखणं, आणि मान, खांदे, कोपर, नितंब, गुडघे अशा १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ दुखऱ्या. दाब ४ किलोचा, म्हणजे साधारण डॉक्टरांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. हे निकष खरं तर संशोधनासाठी होते, पण दवाखान्यातही तेच रूढ झाले. मग दहा जागा दुखल्या तर काय? शिवाय कुणाचा अंगठा जड, कुणाचा हलका. दाबाला बायकांचं अंग जास्त हळवं असतं, त्यामुळे पुरुष अकराच्या आकड्यापर्यंत क्वचितच पोचत.

२०१० मध्ये अंगठा बाजूला ठेवला गेला. आता १९ भागांपैकी गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते मोजायचं. थकवा, उठल्यावरचा शिणवटा आणि विसरभोळेपणा यांना ० ते ३ गुण द्यायचे, इतर तक्रारीही धरायच्या. सात जागा आणि बारापैकी पाच गुण झाले, की निदान. जागा तीन ते सहाच असतील, तर गुण नऊ हवेत. २०१६ च्या सुधारणेने खालची हद्द चार जागांवर आणली, शरीराच्या पाचपैकी चार विभागांत दुखणं हवं असं सांगितलं आणि एक मोलाची भर घातली: दुसरा आजार असला तरी हे निदान करता येतं. संधिवाताच्या पेशंटलाही फायब्रोमायल्जिया असू शकतो.

रक्ताच्या चाचण्या आजही होतात. ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, सीबीसी. त्या दुसरं काही आहे का ते पाहण्यासाठी; फायब्रोमायल्जिया त्यांत दिसत नाही. पूर्वी “रिपोर्ट नॉर्मल आहेत” म्हटलं की पेशंटने फाईल उचलून निघायचं असे. आता फाईल मिटल्यावर डॉक्टरांनी विचारायचं असतं: “झोप कशी लागते? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?”