फिकट छायाचित्रे आणि बिटांचा हिशेब

फिकट पडलेले जुने छायाचित्र संगणकावर, लेयरचे थर चढवीत उजळविताना पुष्कळदा आकाशात वा चेहऱ्याच्या सावलीत पट्टे उमटतात. ८ बिटांत प्रत्येक मूळ रंगास छटांच्या २५६ पायऱ्या मिळतात. फिकट चित्राने त्यांतील पाव भागच व्यापला असेल, तर हाती ६४ उरतात. त्याच ताणाव्या लागतात आणि थरागणिक आकडेमोडीत आणखी काटछाट होते. १६ बिटांत तोच पाव भाग १६,३८४ पायऱ्यांचा असतो. मात्र स्कॅनिंगच १६ बिटांत व्हावयास हवे. ८ बिटांत हरवलेल्या छटा मागाहून परतत नाहीत. २.४ कोटी बिंदूंच्या चित्राचा एकेक पूर्ण थर संगणकाच्या स्मृतीत ७२ऐवजी १४४ मेगाबाइट जागा अडवितो, हे खरे. वाटपासाठी काढावयाची जेपेग प्रत ८ बिटांचीच निघते. ती सर्वांत शेवटी काढावी.