बेताने आवळा!

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या नटबोल्टांवर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एका नटाने मला जो धडा दिला, तो वीस वर्षांच्या अध्यापनात मी कुणालाही देऊ शकलो नाही. तेव्हा हा लेख म्हणजे विद्यार्थ्याची वहीच समजा.

आईचे माहेर उंद्रीचे, चिखली तालुक्यातले. दिवाळीला मामांकडे जायचे ठरले, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीचे ऑइल घरीच बदलण्याची मला लहर आली. जुने ऑइल काढले, नवे भरायचे तेवढे राहिले. चेंबरच्या तळाचा नट आवळताना मात्र माझ्या अंगात भीम संचारला. फूटभर पान्याला दोन फुटी पाइप अडकवून मी जोर लावला.

"अहो, पुरे झाले. तो काही पळून जात नाही," सौ. म्हणाली.

"सैल राहण्यापेक्षा घट्ट झालेला बरा!" मी गाडीखालून उत्तर दिले. शेवटी पाना एकाएकी हलका झाला आणि अर्धा फेरा सहज फिरला. नट छान बसला, असे मी समजलो. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक असतात. मी नुसते आवळून कोहळा घालवला होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

देऊळगाव राजा मागे पडले आणि शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "बाबा, हा तेलाच्या झारीसारखा लाल दिवा कसला?" मी तत्काळ इंजिन बंद केले. ते पाच-दहा मिनिटे तसेच चालवले असते, तर तेलावाचून आतले भाग एकमेकांना घासून इंजिनच निकामी झाले असते. मागे रस्त्यावर काळी रेघ उमटली होती. उन्हात रस्त्याच्या कडेला म्हातारी आई, दोन मुले आणि फराळाचे डबे. सौ. काहीच बोलली नाही, हे अधिक लागले.

एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी चिखलीला ओढत नेली. मिस्त्रीने खाली डोकावून दोनच शब्द उच्चारले, "आटे गेले." नट पोलादाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे. अति जोरापुढे मऊ धातूच हार खातो. पाना हलका झाला तो आटे सोलले गेल्यामुळे! मिस्त्रीने जरा मोठ्या मापाचे नवे आटे पाडून, नवा नट आणि नवा वायसर बसवून आमची सुटका केली. उंद्रीला पोहोचलो तेव्हा पणत्या लागल्या होत्या.

मामांना हकीकत सांगितली, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाह्यली का तू? लोखंड तापून फुगते, चाकावर बसते, पाणी मारलं का आवळते. धाव मोठी झाली तर निसटते, लहान झाली तर लाकूड चिरते. लोहाराले मापच पाह्यजे."

मामांनी नकळत यंत्रशास्त्र सांगितले. बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो, अगदी स्प्रिंगसारखा, आणि मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांना घट्ट धरले जातात. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी नट सुटतो. अति झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, तुटतो, नाहीतर आटे जातात. गंमत अशी की पान्याला दिलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणातच खर्च होतो. ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो. पुस्तकातला आकडा बहुधा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. चाकाच्या बोल्टांना हौसेने तेल घालू नये ते यासाठी.

हा आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. शब्द भारदस्त, पण हिशेब बादलीचा आहे. फूटभर लांब आडव्या पान्याच्या टोकाला दहा लिटर पाण्याची बादली टांगली, तर सुमारे ३० न्यूटन-मीटर जोर होतो. लहान गाडीच्या चेंबरच्या नटाला बहुधा ३० ते ४० पुरतात. म्हणजे एक बादली, फार तर सव्वा. माझ्या पाइपने पाना तीन फुटी केला आणि तोच हात तिप्पट झाला! चाकाच्या नटांना मात्र साधारण ८० ते ११० लागतात, म्हणजे तीन-साडेतीन बादल्या. नेमका आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. पान्यावर उभे राहून उड्या मारणारे शूर वीर मी पाहिले आहेत. पंक्चर झाल्यावर तोच नट त्यांच्याकडून सुटत नाही.

स्पार्क प्लग तर फारच नाजूक. इंजिन थंड असावे, प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा; बोटांना अडला तर आटे तिरके लागले समजून पुन्हा काढावा. वायसरवाला नवा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत पुरतो. जुनाच परत बसवायचा तर वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा हिस्सा बस्स.

चाकाचे नट ओळीने आवळू नयेत. एकानंतर समोरचा, असे फुलीच्या चालीने, आधी हाताने, मग थोडे थोडे. शेवटचा जोर जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर. शे-दीडशे किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा पाहावे.

बादल्या मोजण्याचा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी टॉर्क पाना आहे. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांनी १९१८ च्या सुमारास असा पाना तयार केला. नळाचे बोल्ट माझ्यासारखेच कुणी अति आवळीत असणार! आकडा लावावा, ओढावे, 'कट्' आवाज आला की थांबावे. नट सोडवायला तो वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

पुढच्या वर्षी मी तो घेऊनच उंद्रीला गेलो. परतताना अंगणात चाके तपासली. मामा बाजेवर बसून ऐकत होते. चौथ्या चाकाशी ते उठून आले, पाना हातात घेतला, ओढला. 'कट्!'

"अजून एकदा करू का?" त्यांनी विचारले.

"नको मामा," सौ. घाईने म्हणाली, "तेवढाच पुरे."