'द मूनस्टोन' : लूट श्रीरंगपट्टणची, चोरी यॉर्कशायरची

लेखक : विल्की कॉलिन्स (1824–1889). चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट 1868 क्रमशः; त्याच वर्षी तीन खंडांत पुस्तक.

टिपू सुलतान पडला त्या 1799च्या लढाईत एक इंग्रज अधिकारी पिवळा हिरा लुटतो. मूळचा तो सोमनाथच्या देवाचा. पुढे यॉर्कशायरमधल्या रेचल व्हेरिंडरला तो अठराव्या वाढदिवशी भेट मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो.

तपासाला येतो सार्जंट कफ, गुलाबांचा वेडा. दारावरचा ओला रंग जरासा पुसटला आहे, एवढंच त्याला दिसतं. स्थानिक पोलिसांच्या लेखी ती क्षुल्लक बाब. कफ मात्र विचारतो, रंगाचा डाग लागलेला कपडा कुठे आहे? ही युक्ती हवेतून आलेली नव्हती. 1860च्या रोड हिल हाउस खून प्रकरणात स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरचा सगळा तपास हरवलेल्या रात्रपोशाखाभोवतीच फिरला होता.

कथा एकाच तोंडून येत नाही. म्हातारा कारभारी बेटरेज, धर्मवेडी मिस क्लॅक अशी एकेक साक्ष पुढे येते. यातली मिस क्लॅक भलतीच धमाल; ती स्वतःलाच उघडी पाडते आणि तिला पत्ताच नसतो!

लेखन चालू असतानाच कॉलिन्सची आई वारली. संधिवातानं तो अंथरुणाला खिळलेला, वेदनांवर अफूचा अर्क घेत होता. रहस्याची किल्लीही अफूतच आहे. कशी, ते इथं फोडत नाही.