शाळेच्या खिचडीचा ठेका: दराच्या आधी पातेले बघा

आम्ही नवी मुंबईहून बोलतोय. आमच्याकडे गटांच्या बैठकीत सध्या दोन प्रश्न फिरून फिरून येतात. शाळेतले जेवण चांगले नसेल तर काय करायचे? आणि ते शिजवायचे काम आपल्या गटाने घ्यावे का? दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे मुलाच्या ताटात किती पडायला हवे हे माहीत असण्यापासून.

ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तो शाळेतल्या मुलाच्या पोटात किती जायचा आणि घरातल्या बाकीच्यांच्या किती, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शिजवलेले गरम जेवणच द्या. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण झाले, पण आपण सगळ्या तिला खिचडीच म्हणतो.

पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. म्हणजे प्राथमिकची साठ मुले हजर असतील तर सहा किलो तांदूळ, सव्वा किलोच्या आसपास डाळ आणि तीन किलो भाजी. तीन किलो भाजी कापली की केवढा ढीग होतो ते तुम्हाला आम्ही काय सांगायचे! खिचडीत हळदीशिवाय काही दिसत नसेल, तर प्रश्न चवीचा नाही, मापाचा आहे. तांदूळ शिजून अडीच-तीन पट होतो. त्यापेक्षा फार जास्त भरला तर समजा, पाणी वाढवलेय.

गावात शाळेतच चूल पेटते. आमच्या शहरात शाळांना जागा कमी, म्हणून मोठ्या स्वयंपाकघरात शिजवायचे आणि टेम्पोने पोचवायचे, ही पद्धत शहरांत आहे. मोठे स्वयंपाकघर वाईटच असते असे नाही. तिथे भांडी वाफेवर धुता येतात, डाळ-तांदूळ यंत्रावर निवडता येतो. पण दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेल्या शहरात ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो अडकला की खिचडी कोमट होते, आणि कोमट भातातच जंतू वाढतात. शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहायला हवे. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. किती वाजता शिजवता आणि मूल किती वाजता खाते, हे विचारा. मधले अंतर चार तासांचे असेल तर तो दर कितीही कमी असो, आमच्या मते तो महागच.

दुसरे म्हणजे न सांगता सकाळी सहाला जाऊन या. पाणी कुठून येते, धान्याच्या पोत्यांत टोके आहेत का, तेल कशात ठेवलेय, हे बघा. तेलाचे डबे मुद्दाम सांगतोय. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या गंडामन गावात शाळेचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात पिकावर मारायचे कीटकनाशक होते. आपल्याही घरी फवारणीचा रिकामा डबा धुऊन वापरायची सवय असते. ती शाळेच्या स्वयंपाकघरात चालणार नाही.

आता गटाने काम घ्यावे का? घ्यावे, पण हिशेब करून. मोठ्या ठेकेदारांसाठी अटी लिहिल्या जातात ही ओरड खोटी नाही. अंगणवाडीच्या घरपोच आहाराचे २०१६ चे टेंडर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले, कारण त्यातल्या अटींमुळे बचत गट बाहेर पडत होते. दार उघडे आहे, पण आत गेल्यावर अडते ते पैशावर. तांदूळ सरकारकडून येतो. भाजी, मसाला, गॅस यांचे बिल मात्र मागाहून निघते, आणि ते महिनोन्महिने रखडू शकते. किराणावाला तोपर्यंत उधारी देईल का? नाहीतर गटाची बचत तिकडे जाते, कर्जाचे हप्ते थांबतात आणि बायका एकमेकींवर चिडतात. निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय सही करू नका. अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

आणि काम गटाकडे असो वा ठेकेदाराकडे, लक्ष आईनेच ठेवायचे आहे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात एक शिक्षक हवाच. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असतात. तेव्हा चव घ्यायला आपली बाई पाळीपाळीने जाऊ शकते. जेवण मिळाले नाही तर मुलाला धान्य आणि पैशाच्या रूपात भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिले, तर जबाबदार कोण हे राज्य सरकारने ठरवायचे असते. त्यासाठी वहीत तारीख लागते. किती मुले हजर, काय शिजले, किती वाजता आले, एवढे रोज एका ओळीत लिहा आणि खाली चव घेणाऱ्या बाईची सही घ्या.