विश्लेषण : ‘एएफ’वरील ॲब्लेशननंतर हृदयाच्या डाव्या कप्प्यात काय बदलते?

छातीत धडधड, जिना चढताना दम आणि ईसीजीत ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणजे ‘एएफ’चे निदान. गोळ्यांनी ठोके ताळ्यावर आले नाहीत, तर डॉक्टर अनेकदा कॅथेटर ॲब्लेशन सुचवतात. यात हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे डाव्या अलिंदात, मुद्दाम व्रण केले जातात. त्याने हृदय सुधारते कसे? आणि नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येतात का?

बिघाड नेमका कुठे?

फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या साधारण चार शिरा डाव्या अलिंदात उघडतात. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथील मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासले. ठोके बिघडवणाऱ्या ६९ केंद्रांपैकी ६५ केंद्रे या शिरांमध्येच सापडली. तिथून निघणाऱ्या विद्युत संदेशांमुळे अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते.

ॲब्लेशनमध्ये काय करतात?

जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत नेतात आणि मधला पडदा छेदून डाव्या अलिंदात पोहोचतात. शिरांच्या तोंडाभोवती उष्णता, अतिथंडी किंवा विजेचे सूक्ष्म झटके देऊन व्रणांचे कडे तयार करतात. व्रणातून वीज वाहत नाही. त्यामुळे शिरेत ठिणगी पडली, तरी ती अलिंदापर्यंत येत नाही.

कप्प्याचा आकार कमी होतो?

एएफ लांबला की अलिंद ताणले जाते, त्यात तंतुमय ऊती वाढतात. ठोके नियमित झाल्यावर अनेक रुग्णांत काही महिन्यांत हा कप्पा पुन्हा लहान होतो. मात्र थोडा आकार व्रण आक्रसल्यामुळेही घटतो. म्हणून इकोमध्ये कप्पा लहान दिसला म्हणजे त्याची ताकद वाढलीच, असे नाही.

व्रणांचा तोटा काय?

व्रण झालेला भाग आकुंचन पावत नाही. शिरांच्या तोंडापुरते व्रण असतील, तर नुकसान सहसा कमी. मात्र व्रण विस्तृत असतील किंवा ॲब्लेशन वारंवार झाले असेल, तर काही थोड्या रुग्णांत कप्पा ताठर होतो. मग दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि ठोके नियमित असूनही दम लागतो.

लवकर करावे की थांबावे?

एएफ अधूनमधून येत असताना आणि कप्पा फार मोठा झालेला नसताना यशाची शक्यता अधिक असते. कप्पा खूप ताणला गेल्यावर त्रास उलटण्याचा धोका वाढतो. भारतात संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाल्यामुळेही एएफ होतो. अशा रुग्णांत आधी झडपेचा विचार करावा लागतो.

गोळ्या कधी थांबतात?

एएफमध्ये गुठळ्या बहुतेकदा डाव्या अलिंदाला जोडलेल्या छोट्या पिशवीत होतात. तिथून सुटलेली गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. ॲब्लेशननंतरही ती पिशवी तिथेच असते. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान दोन ते तीन महिने सुरू ठेवतात. पुढचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात अशा बाबींवर ठरतो. केवळ नाडी नियमित झाली म्हणून नाही. याच सुरुवातीच्या काळात सूज असल्याने ठोके पुन्हा बिघडू शकतात. तेवढ्यावरून उपचार फसला असे नसते. धडधड थांबली, तरी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.