झाकली मूठ आणि खुला मंच : आघाडीवरील अध्यक्ष व वादचर्चेविषयीचे गैरसमज

अमेरिकेचा विद्यमान अध्यक्ष दुसऱ्या कारकिर्दीसाठी उभा राहतो आणि जनमत चाचण्यांत पुढे असतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याबरोबरची दूरचित्रवाणीवरील वादचर्चा हा त्याच्या प्रचारातील सर्वांत अवघड प्रसंग ठरतो. कारण भाषणे, जाहिराती, दौरे आणि पत्रकारांच्या भेटी यांच्यावर त्याच्या कचेरीची पकड असते, तर येथे ती पकड दीड तासापुरती सोडून द्यावी लागते. अशा उमेदवाराने काय करावे याविषयी काही समजुती इतक्या रूढ झाल्या आहेत की प्रत्येक निवडणुकीत त्या नव्याने सांगितल्या जातात. त्यांपैकी बहुतेकींत सत्याचा काही अंश असला, तरी प्रत्यक्ष इतिहासाशी ताडून पाहिल्यास त्या अपुऱ्या किंवा सरळ चुकीच्या ठरतात. आघाडीवरील अध्यक्षाला चर्चा जिंकण्याची गरज सहसा नसते. निवडणूक ज्या प्रश्नाभोवती फिरत असते आणि ज्यामुळे तो पुढे असतो, त्या प्रश्नाची जागा मंचावर जन्मलेल्या एखाद्या नव्या प्रश्नाने घेऊ नये, एवढीच त्याची खरी निकड असते, आणि पुढील सर्व उदाहरणे या निकडीच्या संदर्भात वाचली तरच त्यांचा अर्थ लागतो.

गैरसमज : पुढे असणाऱ्याने मंचावर जाऊच नये

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय येथे वरवर अचूक लागू पडतो, आणि एके काळी तो खरोखरच चालत असे. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या चार चर्चा झाल्या, त्या शक्य व्हाव्यात म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९३४ च्या दळणवळण कायद्यातील ३१५ वे कलम, म्हणजे एका उमेदवाराला वेळ दिल्यास त्या पदाच्या अन्य सर्व उमेदवारांनाही तेवढीच संधी द्यावी असे प्रसारकांवर बंधन घालणारे कलम, तात्पुरते स्थगित केले होते. १९६४ मध्ये तशी स्थगिती देण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये बाजूला पडला, तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते आणि त्याच पक्षाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन मोठ्या आघाडीवर होते, त्यामुळे कायद्याची अडचण ही सोयीची सबब ठरली. १९७२ मध्ये निक्सन यांनीही चर्चा टाळली आणि ४९ राज्ये जिंकली.

ही सबब १९७५ मध्ये संपली. त्या वर्षी दळणवळण आयोगाने कलमाचा नवा अर्थ लावला आणि तिसऱ्या संस्थेने भरवलेली चर्चा ही बातमीयोग्य घटना मानून तिला समान संधीच्या बंधनातून वगळले. पुढच्याच वर्षी जेराल्ड फोर्ड यांनी, उन्हाळ्यातील चाचण्यांत तीसहून अधिक टक्क्यांनी मागे असल्यामुळे, पक्षाच्या अधिवेशनातच जिमी कार्टर यांना आव्हान दिले. विद्यमान अध्यक्षाने चर्चेत उतरण्याची प्रथा अशा रीतीने मागे पडलेल्या अध्यक्षाने पाडली, आणि तिचे ओझे पुढे असणाऱ्यांना वाहावे लागले, हा या इतिहासातील एक गमतीचा भाग आहे. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांची आघाडी भक्कम असूनही त्यांनी दोन चर्चा मान्य केल्या, आणि त्यानंतर २०२४ पर्यंत पुन्हा उभ्या राहिलेल्या एकाही अध्यक्षाने चर्चा पूर्णपणे टाळलेली नाही.

टाळण्याची किंमत ब्राझीलच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. १९९८ मध्ये अध्यक्ष फर्नांडू एन्रिकी कार्दोझू यांनी चर्चा टाळल्या आणि ते पहिल्याच फेरीत निवडून आले. २००६ मध्ये अध्यक्ष लुला यांनी तोच मार्ग धरला, परंतु पहिल्या फेरीच्या तोंडावर ग्लोबो वाहिनीने त्यांची रिकामी खुर्ची मंचावर ठेवून चर्चा घेतली, लुला ४८.६ टक्क्यांवर अडकले आणि निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने दुसरी फेरी घ्यावी लागली. त्याच आठवड्यात त्यांच्या पक्षातील एका प्रकरणाशी निगडित नोटांच्या गड्ड्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यामुळे सारा दोष रिकाम्या खुर्चीला देता येत नाही. तरीही दुसऱ्या फेरीत लुला चर्चांना हजर राहिले, आणि ६०.८ टक्के मतांनी जिंकले.

गैरसमज : पदाचा अनुभव मंचावर कामी येतो

चार वर्षे राज्यकारभार केलेल्या माणसाला विषयांची माहिती प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक असते हे खरे असले, तरी पहिल्या चर्चेचा इतिहास नेमके उलटे सांगतो. १९८४ मध्ये लुईव्हिल येथे रेगन, २००४ मध्ये कोरल गेबल्स येथे जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि २०१२ मध्ये डेन्व्हर येथे बराक ओबामा हे तिघेही आघाडीवर असताना पहिली चर्चा हरले. तिन्ही वेळा दिसलेला दोष वेगवेगळा होता, पण त्याचे मूळ एकच होते. अध्यक्षाच्या दालनात त्याला तोंडावर कोणी खोडून काढत नाही, त्याचे बोलणे मध्येच कोणी तोडत नाही, भोवतीचे सहकारी त्याच्या मर्जीनुसार बोलतात. याउलट आव्हानवीर आपल्याच पक्षातील उमेदवारीच्या लढतीत अनेक चर्चांतून तावून सुलाखून आलेला असतो. अध्यक्षाचा सराव मात्र चार वर्षांपूर्वीचा असतो. ती उणीव भरून काढण्यासाठी रंगीत तालमी घेतल्या जातात, ज्यांत एखादा सहकारी प्रतिस्पर्ध्याची भूमिका वठवतो. रेगन यांच्यासमोर डेव्हिड स्टॉकमन हे मॉन्डेल झाले होते, ओबामा यांच्यासमोर जॉन केरी हे रॉम्नी झाले होते. पण हाताखालच्या माणसाने अध्यक्षाला खरोखर डिवचणे आणि अध्यक्षाने ते मनावर घेणे या दोन्ही गोष्टी दुर्मीळ असतात. ओबामा यांनी नेव्हाडातील सरावाच्या काळातच या तयारीचा कंटाळा आल्याचे बोलून दाखवले होते.

बुश यांच्या बाबतीत विरोध ऐकण्याची ही मोडलेली सवय चेहऱ्यावर उमटली. त्या वर्षीचे प्रतिस्पर्धी जॉन केरी बोलत असताना बुश यांच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्या पडदा दुभागून दोघांनाही एकाच वेळी दाखवणाऱ्या वाहिन्यांनी सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचवल्या. गॅलपच्या चाचणीत बुश ५२ विरुद्ध ४४ असे पुढे होते, चर्चेनंतर दोघे ४९ वर बरोबरीत आले. धोरणाच्या प्रश्नावर बुश यांची फारशी पीछेहाट झाली नव्हती. विरोध सहन करण्याइतका संयम या माणसाकडे आहे काय, हा प्रश्न मात्र चर्चेपूर्वी कोणाच्या मनात ठळक नव्हता आणि चर्चेनंतर तो ठळक झाला.

रेगन यांचे लुईव्हिल येथील अपयश त्याहून बोधप्रद आहे, कारण त्याचे निदान त्यांच्या जवळच्या लोकांनी तयारीच्या अतिरेकात शोधले. आकडे आणि तपशील यांचा भडिमार करून सल्लागारांनी त्यांना थकवले, असे सिनेटर पॉल लॅक्सॉल्ट यांनी जाहीरपणे म्हटले. ही तक्रार अंशतः अध्यक्षांची बाजू सावरण्यासाठी होती हे उघड आहे. मात्र परिणाम असा झाला की ७३ वर्षांच्या अध्यक्षाचे वय हा विषय, जो तोपर्यंत कुजबुजीत होता, वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. कॅन्सस सिटी येथील दुसऱ्या चर्चेपूर्वी तालमींची पद्धत बदलली, माध्यम-सल्लागार रॉजर एल्स यांना बोलावले गेले आणि तपशिलापेक्षा सहजतेवर भर दिला गेला. वयाविषयीचा प्रश्न आला तेव्हा रेगन यांनी, आपण वय हा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय लाभ उठवणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले, त्यावर ५६ वर्षांचे मॉन्डेल स्वतःही हसले. एरवी त्या रात्रीची रेगन यांची कामगिरी बेतास बात होती आणि समारोपाचे निवेदन वेळेअभावी अर्धवटच राहिले. पण नवा जन्मलेला प्रश्न मिटला होता, आणि आघाडीवरील अध्यक्षाला तेवढेच हवे होते.

गैरसमज : आघाडी आहे, तर शांत बसावे

डेन्व्हर येथे ओबामा यांच्या सल्लागारांचे गणित असे होते की संघर्ष टाळला तर त्यांची लोकप्रियता अबाधित राहील. प्रत्यक्षात खाली मान घालून टिपणे घेणारा अध्यक्ष प्रेक्षकांना दिसला, आणि गॅलपच्या पाहणीत चर्चा पाहणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी रॉम्नी यांना तर २० टक्के लोकांनी ओबामा यांना सरस ठरवले. आपण फारच सभ्यपणे वागलो, अशी कबुली ओबामा यांनी नंतर एका रेडिओ मुलाखतीत दिली. शांतपणा आणि अनास्था यांतील फरक सभागृहात कदाचित जाणवत असेल, कॅमेऱ्यात तो जाणवत नाही.

शांत राहूनही मंचावर हुकमत गाजवता येते याचा नमुना फ्रान्समध्ये २८ एप्रिल १९८८ रोजी पाहायला मिळाला. अध्यक्ष फ्राँस्वा मित्तराँ आघाडीवर होते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जाक शिराक हे त्या वेळी त्यांचेच पंतप्रधान होते, कारण संसदेत विरोधी पक्षाचे बहुमत असल्याने फ्रान्समध्ये तेव्हा अध्यक्ष एका पक्षाचा आणि सरकार दुसऱ्या पक्षाचे अशी ‘सहवास’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था होती. मित्तराँ चर्चेत शिराक यांना सातत्याने ‘पंतप्रधान महोदय’ असे संबोधत राहिले, तेव्हा आज रात्री कोणी अध्यक्ष नाही की कोणी पंतप्रधान नाही, दोघे समान उमेदवार आहेत, असा आक्षेप शिराक यांनी घेतला. आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय, एवढेच उत्तर मित्तराँ यांनी दिले. आवाज न चढवता त्यांनी प्रतिस्पर्ध्याला त्याची पायरी दाखवली. ५४ टक्के मतांनी झालेल्या त्यांच्या विजयाचे श्रेय या एका वाक्याला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण पदाचा उपयोग ढाल म्हणून न करता उंची म्हणून कसा करावा, याचे त्याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

गैरसमज : डावपेच मंचावरच लढवले जातात

आघाडीवरील उमेदवाराचे डावपेच बहुतांशी आधीच्या वाटाघाटींत पूर्ण होतात, कारण चर्चा किती, कोणत्या तारखांना, कोणत्या विषयांवर आणि कोणाकोणात व्हाव्यात हे तेथे ठरते, आणि अनिश्चितता जितकी कमी तितका पुढे असणाऱ्याचा लाभ अधिक. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या पक्षाने चर्चा दोनवर आणल्या, आयोजक आयोगाच्या निर्णयामुळे तिसरे उमेदवार रॉस पेरो बाहेर राहिले, आणि पहिल्या चर्चेला ४ कोटी ६१ लाख तर दुसऱ्या चर्चेला ३ कोटी ६३ लाख एवढेच प्रेक्षक मिळाले, याउलट चार वर्षांपूर्वी तिन्ही चर्चांना सहा कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले होते. त्या चर्चांतील एकही वाक्य आज कोणाला आठवत नाही, आणि क्लिंटन यांच्या दृष्टीने ते यशच होते. मात्र करारालाही मर्यादा असतात : २००४ च्या ३२ पानी करारात एक उमेदवार बोलत असताना दुसऱ्याचे चित्र दाखवू नये असे कलम होते, वाहिन्यांनी ते मानले नाही आणि बुश यांच्या आठ्या जगाने पाहिल्या.

गैरसमज : चर्चा हरली की निवडणूक हरली

रेगन, बुश आणि ओबामा हे तिघेही पहिली चर्चा हरूनही निवडून आले, एवढ्यावरूनच ही समजूत डळमळते. १९५२ पासूनच्या दहा देशांतील ६२ निवडणुकांचा अभ्यास करून कॅरोलिन ल पेनेक आणि व्हिन्सेंट पाँस यांनी असे दाखवले की दूरचित्रवाणीवरील चर्चांमुळे मतदारांचा कल मोजण्याजोगा बदलत नाही. डेन्व्हरनंतर प्यू संस्थेच्या चाचणीत ओबामा आठ टक्क्यांच्या आघाडीवरून चार टक्के मागे गेलेले दिसले होते, परंतु अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून त्याच लोकांची वारंवार घेतलेली मते तपासली, तेव्हा या घसरणीचा मोठा भाग आभासी निघाला : मतदारांनी पक्ष बदलला नव्हता, हिरमुसलेले ओबामा-समर्थक चाचणीला उत्तर देण्यास कमी उत्सुक होते.

प्रेक्षकांचा निवाडाही त्याच रात्री पक्का होत नाही. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असे फोर्ड म्हणाले, प्रश्नकर्ते मॅक्स फ्रँकेल यांनी सावरण्याची संधी दिली असता त्यांनी पोलंडचेही नाव घेतले, तरी त्या रात्रीच्या पाहणीत अनेकांनी फोर्ड यांनाच सरस मानले. दुसऱ्या दिवसभराच्या बातम्यांनंतर तोच कौल उलटला. फोर्ड यांनी ही चूक कबूल करण्यास काही दिवस घेतले. म्हणून आघाडीवरील उमेदवाराच्या दृष्टीने चर्चेनंतरचे चोवीस तास हा चर्चेचाच भाग असतो.

यावर २०२४ चे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते योग्यही आहे. जो बायडेन तेव्हा आघाडीवर नव्हते, म्हणून त्यांनी जूनमध्येच चर्चा व्हावी असा आग्रह धरला, सभागृहात प्रेक्षक नसणे आणि पाळी नसलेल्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवणे या त्यांच्या बाजूच्या अटीही मान्य झाल्या. २७ जूनच्या अटलांटातील चर्चेनंतर चाचण्यांतील फरक अवघ्या काही टक्क्यांनीच वाढला, म्हणजे मतदारांवरील परिणाम अभ्यासकांच्या अपेक्षेइतकाच मर्यादित होता. वयाचा प्रश्नही नवा नव्हता. परंतु त्या रात्री तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या खासदारांसमोर, देणगीदारांसमोर आणि राज्यपालांसमोर उभा राहिला, ज्यांना तोपर्यंत त्याचे उत्तर टाळता येत होते, आणि २१ जुलै रोजी बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतली.